पायधुणीचे पाणी

मुंबईत पाणी कुठे तुंबेल हे जाणून घ्यायचे असेल, तर नकाशाच्याही आधी वस्त्यांची नावे वाचावीत. पायधुणी म्हणजे खाडी ओलांडून आलेल्यांनी पाय धुवायची जागा. उमरखाडीच्या तर नावातच खाडी! सात बेटांमधली खाजणे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बांध घालून आणि भराव टाकून बुजवली. महालक्ष्मीजवळचा हॉर्नबी वेलार्ड हा त्यांतलाच एक मोठा बांध. समुद्र बाहेर अडला, पण आतली जमीन बशीसारखी खोलगटच राहिली. परळ-दादरमधला हिंदमाता परिसर असाच सखल. भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांच्या तोंडाशी उभा राहतो; नेमका तेव्हाच पाऊस कोसळला, की पाण्याने जावे तरी कुठे?

ही झाली जमिनीची गोष्ट. पण घरांचे काय? आपला कोकणी माणूस घर बांधतो तेव्हा जोते उंच घेतो आणि भोवती अंगण सोडतो. पागोळ्यांचे पाणी काही मातीत मुरते, उरलेले परसातून वाहून जाते. आताच्या इमारतींच्या आवारात मोटारी असतात, म्हणून तिथे काँक्रीट. खाली वाहनांचे तळघर, म्हणून मुरायला मातीच नाही. शिवाय आवार दोन हात उंच आणि भोवती भक्कम भिंत. अशा इमारतीत पाणी शिरत नाही हे खरे; पण अडवलेले पाणी नाहीसे होत नाही. ते भिंतीला वळसा घालून शेजारच्या जुन्या चाळीच्या तळमजल्यात शिरते. रस्ता थरांवर थर चढून उंचावलेला असतो; जोते मात्र होते तिथेच. ज्या खोलीत पूर्वी पायरी चढून जायचे, तिथे आता पायरी उतरावी लागते. पीठमीठ, मुलांची पुस्तके, सारे भिजते ते तिथे.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला 75 देखील नाही. एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हतबल होईल. पण भरावांनी आवळलेल्या मिठी नदीकाठी तो अधिकच भोवला. पुढे महापालिकेने समुद्राकाठी पंपगृहे उभारली, हिंदमाताजवळच्या मैदानांखाली पाणी साठवायच्या टाक्याही बांधल्या. चांगलेच झाले. तरी आपल्या हातीही थोडे आहेच. सोसायटीच्या सभेत आवाराला फरशी घालण्याचा विषय निघाला, तर थोडी माती उघडी ठेवा म्हणावे. भिंतीला तळाशी जाळीची भोके ठेवावीत. मुंबईत पागडी न देता हक्काने जागा घेणारे एक पाणीच आहे. आपण ती दिली नाही, तर ते शेजाऱ्याची घेते.