धरमशालेचा पाऊस आणि तिकिटाचा विमा

धरमशालेच्या क्रिकेट मैदानात शिरलात की पहिली काही मिनिटं तुमचं लक्ष खेळपट्टीकडे जाणारच नाही. समोर धौलाधारची बर्फाळ रांग भिंतीसारखी उभी असते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४५० मीटर उंचीवरचं हे मैदान देशातल्या सर्वांत देखण्या मैदानांमध्ये गणलं जातं. म्हणूनच सामन्याच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबं इथे चार दिवसांची सहल आखतात. एक दिवस सामना, उरलेले दिवस मॅक्लोडगंज, भागसूनागचा धबधबा आणि कांगड्याचा किल्ला.

पण हेच डोंगर ढगही अडवतात. हिमाचलमधल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांमध्ये धरमशाला मोडते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी भारत-दक्षिण आफ्रिका टी-२० सामना इथे एकही चेंडू न पडता रद्द झाला. सहा महिन्यांनी, १२ मार्च २०२० रोजी, त्याच दोन संघांचा एकदिवसीय सामनाही तसाच वाहून गेला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मैदानावरचं गवत तयार नसल्यामुळे जेमतेम पंधरा दिवस आधी इंदूरला हलवली गेली. ८ मे २०२५ च्या रात्री भारत-पाकिस्तान तणावामुळे आयपीएलचा सामना अकराव्या षटकातच थांबवून प्रेक्षकांना बाहेर काढावं लागलं.

इथल्या लोकांचा यावर स्वतःचा उपाय आहे. जवळच्या खनियारा गावावर इंद्रूनाग देवाचं मंदिर आहे. हा पावसाचा देव. मोठ्या सामन्याआधी आयोजक तिथे जाऊन पूजा करतात, पाऊस आवर म्हणून साकडं घालतात. तुमच्या-माझ्या मोबाइलवर मात्र तिकिटाचे पैसे भरताना दुसराच पर्याय समोर येऊ शकतो: ‘थोडे पैसे जास्त भरा, तिकीट सुरक्षित करा.’ घ्यायचा का हा विमा?

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. हा विमा बहुतेक वेळा सामन्याचा नसतो, तुमचा असतो. म्हणजे तुम्ही किंवा घरातलं कोणी अचानक आजारी पडलं, अपघात झाला, विमान रद्द झालं आणि त्यामुळे तुम्ही पोहोचू शकला नाहीत, तर तिकिटाचे पैसे मिळतात. सामनाच रद्द झाला तर पैसे परत करण्याची जबाबदारी आयोजकांची. साधारण नियम असा, की एकही चेंडू पडला नाही तर तिकिटाचे पैसे परत. एकदा का चेंडू पडला, की मग पाऊस आला तरी परतावा नाही. तिकिटावरच्या अटी वाचूनच खात्री करा.

मार्च २०२४ ची इंग्लंडविरुद्धची कसोटी इथे तिसऱ्याच दिवशी संपली. अशा वेळी चौथ्या दिवसाच्या तिकिटाचं काय, हेही त्या अटींमध्येच पाहायचं. युद्धजन्य परिस्थिती, आधीपासूनचा आजार, ‘आता जावंसं वाटत नाही’ ही कारणं तर विमा कंपन्या बहुतेक वेळा वगळतातच.

आता हिशोब करू. समजा, चौघांची तिकिटं ८,००० रुपयांची आणि विमा ४०० रुपयांचा. म्हणजे विसावा हिस्सा. वीस वेळा तिकिटं काढलीत तर त्यातली एक खेप आजारपणामुळे हुकेल, असं वाटत असेल तरच बरोबरी होते. घरात लहान बाळ असेल, आजी-आजोबांची तब्येत नाजूक असेल किंवा तिकीट सहा महिने आधी काढत असाल, तर ते ४०० रुपये वाया जाणार नाहीत. पण आजोबांचा आजार जुना असेल, तर तो वगळलेला नाही ना, हे आधी बघा. तरुण जोडपं, पुढच्या आठवड्यातला सामना, हजाराचं तिकीट? मग विमा सोडून द्या.

धरमशालेच्या बाबतीत खरी गोम पुढेच आहे. पठाणकोटपर्यंत रेल्वे, तिथून जवळपास ९० किलोमीटर घाटरस्ता, नाहीतर गग्गलचं छोटं विमानतळ, जिथे हवा बिघडली की विमानं रद्द होतात. प्रवास आणि हॉटेल धरून खर्च सहज तिकिटाच्या चौपट होतो, आणि तिकिटाचा विमा त्यातला एक रुपयाही देत नाही. त्यासाठी हॉटेल विनाशुल्क रद्द करता येईल असं घ्या किंवा सहल रद्द होण्याची भरपाई देणारा प्रवास विमा बघा. रेल्वे तिकिटासोबतचा ४५ पैशांचा विमा इथे कामाचा नाही. तो रेल्वे अपघातासाठी आहे, बेत बदलल्याच्या नुकसानीसाठी नाही.

पैसे भरण्याआधी एवढं करा. विम्याच्या चौकटीत आपोआप टिचकी पडली आहे का ते पाहा. तुमच्या संमतीशिवाय बिलात काही घुसवणं २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार गैर आहे. विमा कोणत्या कंपनीचा आहे, दावा किती दिवसांत करायचा, डॉक्टरांचं कोणतं प्रमाणपत्र लागतं, हे वाचा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि विमा लोकपाल आहेतच.

आणि बेत आखताना सामन्यापुरतेच धरमशालेला जाऊ नका. पावसाने खेळ बुडवला तरी नोरबुलिंगकात थांगका रंगवणारे कारागीर कामात असतात, मॅक्लोडगंजमध्ये गरम थुक्पा मिळतो आणि पाऊस उघडल्यावर धौलाधार आणखी स्वच्छ दिसतो. एवढं गाठीशी असलं, की मुलांना घरी परतताना सांगायला काहीतरी उरतं.