पहिल्या पंगतीला कोण

२४ नोव्हेंबर
तुळशीची लग्नं लागली, आता भाचीच्या लग्नाची खरी घाई. आज ताईबरोबर साताऱ्याचं कार्यालय पाहून आले. पुढची सोफ्यांची रांग म्हणे 'मोठ्या माणसांसाठी'. माझ्या मते मोठी माणसं म्हणजे दोन्हीकडचे आजी-आजोबा. मंगलाष्टकं सुरू झाली की सगळा हॉल उभा राहतो, अक्षता टाकायला पुढे सरकतो, आणि बसलेल्या म्हाताऱ्यांना नुसत्या लोकांच्या पाठी दिसतात. म्हणून ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्या खुर्च्या स्टेजच्या बाजूला लावायच्या. तिथून अंतरपाटाच्या अलीकडचा नवरा आणि पलीकडची नवरी, दोघंही दिसतात. फोटोग्राफरला ती जागा हवी होती. त्याला दुसरी शोधावी लागेल.

२७ नोव्हेंबर
पाट्यांचा दिवस. फ्लेक्सवाल्यानं सोनेरी वळणदार अक्षरं दाखवली. 'शुभविवाह' तसा शोभेल, पण जेवण, पाणी, स्वच्छतागृह या पाट्या सत्तरीच्या डोळ्यांना लांबून वाचता यायला हव्यात. दहा फुटांमागे एक इंच अक्षर, असा साधा ठोकताळा आहे. तो इंच शिरोरेघेपासून खाली मोजायचा, वेलांट्या-मात्रांसकट नाही. पांढऱ्यावर गडद निळा रंग ठरवला. फाटकापासून दिसणारी पाटी मोठी, जिन्याजवळची लहान. सगळ्या डोक्यांच्या वर बांधायच्या, नाहीतर गर्दी झाली की पाटी गायब. वऱ्हाड धारवाडचं, म्हणून प्रत्येक पाटीवर कानडीही हवं. तो मजकूर व्याह्यांकडूनच लिहून मागवला.

२ डिसेंबर
मुहूर्त १२ वाजून ४७ मिनिटांचा. अक्षता, हार, फोटो, मग पानं वाढणार म्हणजे दोन वाजणारच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तोवर काय करायचं? पहिली पंगत वरपक्षाची, ही आपली रीत. ताई घाबरत होती, म्हणून विहीणबाईंना मीच फोन लावला. म्हटलं, "पहिली पंगत दोन्हीकडच्या वयस्कर, मधुमेही माणसांची आणि लहान मुलांची करूया का?" त्या म्हणाल्या, "आमच्या मामंजींनाही साखर आहे हो. तुम्ही विचारलंत, बरं वाटलं." त्यांच्या मानाच्या विहिणीच्या पंगतीला रांगोळी, चांदीची ताटं, आग्रह, सगळं राहील. कोपऱ्यातलं एक टेबल बँडवाले आणि गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी. त्यावरही पानच मांडायचं आणि शेवटी उरलेलं नाही, गरम वाढायचं. हे वाढप्यांच्या मुकादमाला दोनदा सांगितलं.

५ डिसेंबर
आत्यांचं मन वळवायला गेले. काका गेल्यापासून त्या प्रत्येक कार्यात शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसतात. ज्या पोरीला त्यांनी न्हाऊमाखू घातलं, तिच्या लग्नातही तिथेच? "लोक काय म्हणतील," एवढंच म्हणत राहिल्या. मी सांगितलं, तुमची खुर्ची ताईला लागून आहे आणि अक्षता वाटायचं ताट तुमच्या हातात. भाचीनंही फोनवर तेच सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. उठून कपाटातली मोतिया पैठणी काढली आणि इस्त्रीला द्यायला लावली.

८ डिसेंबर
लग्न लागलं. पहिली पंगत सव्वा वाजता बसली. व्याह्यांचे वडील आणि आमचे अण्णा शेजारी बसले. एकाला मराठी जेमतेम, दुसऱ्याला कानडी येत नाही, तरी मठ्ठा दोघांनी एकमेकांना आग्रहानं वाढायला लावला. आत्यांनी अक्षता वाटल्या. एक-दोघींनी मान फिरवली. बाकीच्यांनी ओंजळ पुढे केली.