चार दिवसांची अमानत

दिवाळीच्या आठवड्यात माझ्या भाच्याचा धंदा सर्वांत जास्त चालतो. धंदा म्हणजे कुत्र्यांचं बोर्डिंग. पुण्यात कोंढव्याच्या पुढे, पिसोळीच्या बाजूला त्याने भाड्याने जागा घेतली आहे. पत्र्याची शेड, बारा खोल्या, मधे जाळी मारलेलं अंगण. गावी जाणारे, फिरायला जाणारे लोक आपली कुत्री तिथे ठेवून जातात. काही जण रोज ऑफिसला जाताना सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. आपण बालवाडीत मुलं सोडतो, अगदी तसंच. त्याला ते डे-केअर म्हणतात.

मुसलमानाच्या पोराने कुत्री सांभाळायची, हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. आमच्या घरातही पडली होती. दुल्हाभाई सहा महिने या धंद्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांचं न बोलणं बोलण्यापेक्षा जड असतं. आपाची काळजी वेगळी होती. "नमाजके कपडों का क्या?" हा तिचा रोजचा प्रश्न. शेवटी तिनेच तोडगा काढला. बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचे, कामाचे कपडे तिथेच बादलीत टाकायचे, मगच उंबरा ओलांडायचा.

मी आलिम नाही, त्यामुळे फतवा देत नाही. पण जे सर्वांना ठाऊक असायला हवं तेवढं सांगते. आपल्या हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नापाक मानतात. कोरडं अंग कपड्याला लागलं तर कपडा नापाक होत नाही. कोकणातले आपले भाऊ शाफई आहेत, त्यांच्याकडे नियम जास्त कडक आहे. भांड्याला कुत्र्याचं तोंड लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. मालिकी मात्र कुत्र्याला पाकच मानतात. हौस म्हणून घरात कुत्रा पाळण्याबद्दल हदीसमध्ये नापसंती आहे, आणि शिकार, राखण, गुरं यांसाठी सूट आहे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने धरून आणलेली शिकार हलाल म्हटली आहे. शिक्षिका म्हणून मला त्यातलं 'शिकवलेल्या' फार आवडतं. कुत्र्याला शिकवणं हेही शिकवणंच आहे, असं तिथे धरलेलं आहे. जुम्म्याला आपण सूरह कहफ वाचतो, त्यात गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा आहेच. आणि विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाची हदीस तर लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते.

तर, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आपाकडे होते. सोलापूरला उर्दू शाळेत मराठी शिकवता शिकवता वीस वर्षं झाली, सुट्टीतही हाताला वही लागते. भाच्याकडे नोंदवही होती, पण नुसती नावं आणि पैसे. मी तिचं हजेरीपत्रक केलं. कोण जेवलं, किती पाणी प्यालं, शी कशी झाली, कोण कुणावर गुरगुरलं, किती वाजता. आठ दिवस ती वही मी लिहिली, आणि बीएडला पाठ केलेलं मानसशास्त्र मला पहिल्यांदा चालताबोलताना दिसलं.

बीएडच्या नोट्समध्ये पावलोव्हचा कुत्रा होता. घंटा वाजली की लाळ गळते, पाच गुणांचा प्रश्न. पचनावरच्या कामासाठी पावलोव्हना १९०४ चं नोबेल मिळालं, हेही आम्ही लिहायचो. पुढची गोष्ट मात्र नोट्समध्ये नव्हती. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी चढलं आणि ती मोठ्या मुश्किलीने वाचवली गेली. नंतर असं दिसलं की काही कुत्री शिकलेलं विसरली होती. पुढे ती सावरली, तरी दाराखालून थोडंसं पाणी आत सोडलं की पुन्हा तीच भीती. धाक बसला की शिक्षण वाहून जातं, हे पावलोव्हला पुराने दाखवलं. आपल्याला ते पहिलीचा वर्ग दरवर्षी जूनमध्ये दाखवतो.

बोर्डिंगमधल्या बहुतेक तक्रारी या एकाच मुळातून येतात. घरी शहाणा असलेला कुत्रा तिथे रात्रभर रडतो, दोन दिवस जेवत नाही, अंथरूण फाडतो, दार उघडलं की बाहेर धाव घेतो. खोलीपुढून दुसरा कुत्रा गेला की जाळीवर उडी मारून भुंकतो, आणि एक भुंकला की बाराच्या बारा भुंकतात. भाचा ओरडत नाही. कुत्र्याला वाटतं माणूसही आपल्याबरोबर भुंकतोय, असं तो म्हणतो. तो जाळीला खालच्या अर्ध्या भागात पत्रा लावतो, म्हणजे समोरासमोर नजर भिडत नाही. नव्या कुत्र्याला एकदम अंगणात सोडत नाही. आधी बाहेर, पट्ट्यावर, दोघांना लांब अंतर ठेवून एकाच दिशेने चालवतो. अंतर हळूहळू कमी करतो. अंगणात तीन-चारच, तेही अंगापिंडाने आणि स्वभावाने जुळणारे. दुपारी दोन तास सक्तीची झोप. खेळून खेळून पेटलेली कुत्री संध्याकाळी भांडतात. मधल्या सुट्टीनंतरचा तास घेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको.

आणि पालक! मी पालकच म्हणते. दारात कुत्र्याला मिठी मारून पाच मिनिटं रडणाऱ्या बाई, मग परत येऊन जाळीतून डोकावणारे साहेब. शाळेच्या खिडकीशी घुटमळणाऱ्या आया आठवल्या. निरोप छोटा असावा. बरोबर घरचंच खाणं द्यावं, पोट तरी ओळखीचं राहतं. न धुतलेली जुनी चादर द्यावी, तिला घरचा वास असतो. आणि लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र ठेवून बघावं.

लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी एक गावठी कुत्रा आला. रस्त्यावरून उचलून वाढवलेला, दोनेक वर्षांचा, तांबूस. फॉर्मवर 'चावतो का?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेलं. मंडळी त्याच रात्री बाहेरगावी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावरचा पोरगा त्याचं भांडं उचलायला वाकला. कुत्रा जागच्या जागी थिजला, ओठ चाटला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, बारीक गुरगुर आली. पोराला यातलं काही वाचता आलं नाही. त्याच्या मनगटावर दोन दात उमटले.

भाच्याने आधी पोराचा हात साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरला. कुत्र्याच्या कार्डावर रेबीजची लस होती, तरी पोराला लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शन सुरू केलं. मग मालकाला फोन. तिकडून उत्तर आलं, "घरी आजोबांना एकदा चावला होता. पण सांगितलं असतं तर तुम्ही घेतलंच नसतं ना?"

त्यांना परत यायला चार दिवस होते. दुसरं बोर्डिंग सणात मिळणार नव्हतं. आपा म्हणाली, "ऐसा कुत्ता बांधके रख." भाचा म्हणाला, "अम्मी, ये गुस्से में नहीं, डरेला है." आणि कामाला लागला.

त्याने कुत्र्याला सर्वांत आतल्या खोलीत हलवलं. बाकी पोरांना तिथे जायला बंदी. जेवण ठेवायचं आणि निघून जायचं. भांडं तो खात असताना किंवा तो खोलीत असताना कुणी उचलायचं नाही. फिरायला बाहेर काढल्यावरच उचलायचं. शिवाय दिवसातून दहा-बारा वेळा तो जाळीपुढून जायचा आणि न थांबता उकडलेल्या चिकनचा एक तुकडा आत टाकायचा. आधी लांबून, मग जवळून. माणूस भांड्याजवळ आला की काही जात नाही, उलट काहीतरी येतं, एवढाच धडा. गुरगुरला तर त्याला दटावायचं नाही, आपण मागे सरायचं. का, हे त्याने मला सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं: गुरगुरणं म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना. मारून ती बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. मला वर्गातली गप्प पोरं आठवली. ज्यांना बोलू दिलं नाही, ती एक दिवस सरळ शाळाच सोडतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कामावरची पोरं आपापल्या घरी गेली. ईदला ती सांभाळतात, दिवाळीला भाचा. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास. सुतळी बॉम्ब त्याच्या कानाला काय वाटत असेल! सहाच्या आतच सगळ्यांना फिरवून आणलं, खिडक्या बंद, जाड पडदे, मोठे कूलर चालू, म्हणजे घरघरीत आवाज बुडावा. दोन कुत्र्यांना डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं औषध दिलं. तरी आम्ही दोघंच होतो आणि खोल्या बारा.

साडेआठला बाहेर स्कूटर थांबली. दुल्हाभाई आले होते, डब्यात जेवण घेऊन. एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढून आतल्या बोळात, त्या तांबूस कुत्र्याच्या खोलीपासून चार हातांवर बसले. खिशातून तसबीह काढली आणि हलक्या आवाजात पढत राहिले, साडेबारापर्यंत. तो कुत्रा सुरुवातीला कोपऱ्यात थरथरत होता. दहाच्या सुमारास तो पुढे येऊन दाराशी आडवा झाला, तोंड पायांवर टाकून. मी वहीत वेळ लिहिली: दहा वाजून दहा मिनिटं. दुल्हाभाईंनी कुत्र्याला हात लावला नाही. आजही लावत नाहीत. निघताना मुलाला म्हणाले, "लोगों की अमानत है. संभाल के." सहा महिन्यांत त्या धंद्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले.

चौथ्या दिवशी मालक आले. तोवर भाच्याची चाहूल लागली की तो कुत्रा शेपूट हलवत जाळीशी यायचा. चार दिवसांत स्वभाव बदलत नाही. पुन्हा कुणाला लागलं नाही, एवढंच. मालकांनी विचारलं, "आता सुधारला ना? चांगलं लिहून द्या, पुढे दुसरीकडे ठेवायला उपयोगी पडेल." भाच्याने माझ्या वहीतली पानं फोटो काढून पाठवली, चावल्याच्या नोंदीसकट. तोंडाच्या जाळीची सवय हळूहळू लावा, डॉक्टरांना दाखवा, वागणूक सुधारणाऱ्या जाणकाराकडे न्या, असं सांगितलं. मंडळी रागावून गेली. पोराच्या इंजेक्शनचा आणि बुडालेल्या रोजांचा खर्च भाच्याने भरला. ते गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

आपाला हे पटलं नव्हतं. दोन ओळी चांगल्या लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी तिला म्हटलं, मग पुढच्या ठिकाणी दुसऱ्या कुणाचं मनगट असतं. शिवाय त्या कुत्र्याचंही भलं नव्हतं. पुन्हा चावला असता तर त्याला कुणी ठेवून घेतलं नसतं. अमानत परत करायची म्हणजे जनावर परत करायचं, आणि त्याच्याबद्दल जे खरं कळलं तेही परत करायचं.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुत्रा आहे, आणि मला ठाऊक आहे की असे बरेच आहेत, त्यांना शिक्षिका म्हणून एवढंच सांगते. फॉर्मवर खरं लिहा. चावतो, फटाक्याला घाबरतो, भांड्याजवळ कुणाला येऊ देत नाही, गेट उघडं दिसलं की पळतो, जे असेल ते. शाळेत दाखल करताना 'मुलाला फिट येतात' हे लपवणारे आई-वडील मी पाहिले आहेत. त्यांनाही वाटतं, सांगितलं तर घेणार नाहीत. ज्याला माहीत असतं तोच नीट सांभाळू शकतो.