राखलेली शांतता

समुद्र आम्हां गिरगाव-दादरकरांना नवा नाही. लालबाग-परळच्या चाळींतील मंडळीही घटकाभर वारा खायला चौपाटीवर येऊन बसतात. परंतु तेथे लाटेचा आवाज ऐकायचा, तर कान मुद्दाम तिकडे लावावा लागतो. लाट आधी ऐकू यावी आणि मग दिसावी, असा किनारा पाहण्याचा योग आम्हांला गेल्या मार्च महिन्यात आला. धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास येथे गेलो होतो.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली, की वेश्वी, बाणकोट आणि मग वेळास. याच बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी पश्चिम भारतातील आपले कार्य आरंभिले. १८२९ साली आलेले जॉन विल्सन मराठी शिकण्यासाठी याच किनाऱ्यावर, हर्णैला राहिले. त्यांच्या नावाचे कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे. गजबजलेली आमची चौपाटी आणि हा निवांत किनारा यांचे नाते असे जुने आहे.

असा किनारा पाहिला, की माणसाचा हात लागला नाही म्हणूनच तो निर्मळ राहिला, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात येथे रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराहून अधिक अंडी असतात. पूर्वी माणसे ती खाण्यासाठी व विकण्यासाठी नेत. उरलेली कोल्ह्याकुत्र्यांची धन होत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षणाचे काम सुरू केले. पहाटे किनारा पायी तुडवायचा, वाळूवरील माग ओळखायचा, अंडी हलक्या हाताने काढून कुंपणाच्या आत तितक्याच खोल पुरायची आणि दीड-दोन महिने पहारा करायचा, हा त्यांचा नेम. पाहुण्यांची सोय गावातील घरांतूनच होते.

सायंकाळी पिल्ले सोडताना आमच्यातील एका मुलाने बॅटरी लावली. राखणदार हळूच म्हणाला, "बाळा, विझव ती. पिल्लांना उजेड दिसला की तोच समुद्र वाटतो." मरीन ड्राइव्हच्या ज्या दिव्यांच्या माळेचा आम्हां मुंबईकरांना एवढा अभिमान, ती अशा पिल्लांना उलट्या वाटेने नेईल, हा विचार आमच्या मनाला चाटून गेला.

आमच्यासोबत लालबागचे एक निवृत्त गिरणी कामगार होते. अंधार पडल्यावर ते म्हणाले, "फादर, ब्याऐंशीच्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हाही शांतता होती. पण तिची भीती वाटायची. इथं वाटत नाही."

त्यांचे बोलणे आमच्या मनात राहिले. सोडून दिलेल्या जागेची शांतता वेगळी आणि राखलेल्या जागेची वेगळी. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला सँडवुड नावाचा किनारा आहे. तेथवर मोटारीचा रस्ता नाही. सुमारे चार मैल चालावे लागते. तोही आपोआप तसा राहिलेला नाही. १९९३ पासून जॉन म्यूर ट्रस्ट ही संस्था त्याचा सांभाळ करीत आहे.

मग आम्ही मुंबईकरांनी केवळ उसासे टाकावेत काय? वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ साली अफरोज शाह व त्यांच्या सोबत्यांनी कचरा उचलण्यास प्रारंभ केला. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे चालत गेली. ही गोष्ट आपल्याच शहरातील आहे.

वाचकहो, वेळासला अवश्य जा. मात्र बॅटरी विझवून, आवाज आवरून जा आणि आपला कचरा पिशवीत परत आणा. आणि दादरच्या वाळूवर मुलांना घेऊन बसाल, तेव्हा उठताना भेळेचा कागदही उचला. किनारा राखण्याला तेवढ्यानेही आरंभ होतो.