माळवदावरच्या गारा

बालाघाटच्या पठारावर बर्फ पडत नाही. परंतु २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बीड जिल्ह्याने पांढरी झालेली शिवारे पाहिली. बँकेत मार्चअखेरची धांदल असतानाही दोन दिवसांची रजा मिळाल्याने मी तेव्हा अंबाजोगाईकडील आमच्या मूळ गावी गेलो होतो.

दुपारी आभाळ काळवंडले आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. समुद्रावरून आलेले बाष्प व उत्तरेकडील थंड, कोरडी हवा यांची गाठ पडली की उंच ढगांतील प्रवाह गोठलेले थेंब पुन्हा पुन्हा वर उचलतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यांवर बर्फाचे थर चढतात, हे मी नंतर वाचले. त्या वेळी समोरच्या गोठ्याच्या पत्र्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आमच्या गल्लीत अजून जुनी माळवदाची घरे आहेत. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि पाणी काढून देण्यासाठी कडेला पन्हळी. ही माती पावसाचे पाणी निथळू देते; परंतु गारांनी पन्हळीच बुजल्या आणि वितळणारे पाणी मातीत मुरू लागले. भिजलेले माळवद किती जड होते, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

आमची आणि शेजाऱ्यांची भिंत सामाईक. त्यांच्या पन्हळीचे पाणी आमच्या भिंतीत झिरपते, यावरून काकांनी त्या घराशी अकरा वर्षे अबोला धरला होता. काका सत्तरीत फावडे घेऊन वर चढलेले पाहताच शेजाऱ्यांचा मुलगा आमचीच शिडी चढून आला.

“काका, तुम्ही खाली उतरा. मी ओढतो.”

काका उतरले नाहीत. “आधी तुमची पन्हळ मोकळी कर,” एवढेच म्हणाले.

मग घमेली हातोहात फिरू लागली. आयुष्यभर लेखणी धरलेल्या माझ्या बोटांना दहा मिनिटांतच मुंग्या आल्या. वीज गेलेली; कंदील आणि मोबाइलच्या उजेडात दोन्ही माळवदे मोकळी झाली. पलीकडे एकट्या राहणाऱ्या आजींच्या घराचा कोपरा मात्र तोवर खचला होता. त्या रात्री त्या आमच्याकडे झोपल्या.

सकाळी शेतात गेलो. ज्वारी आडवी झाली होती, हरभऱ्याचे घाटे मातीत झडले होते. कडुनिंबाखाली पोपट मरून पडले होते; त्यांतले जिवंत तेवढे मुले टोपलीत उचलून ठेवत होती.

शेजाऱ्यांचा हरभरा दोन एकर. पुढे शासनाने जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये जाहीर केले. म्हणजे त्यांना जेमतेम ८,०००. त्यांचे पीककर्ज त्याहून पुष्कळ अधिक होते. अशी खाती मी थकबाकीच्या यादीत वर्षानुवर्षे पाहिली होती. त्यांमागचे शेत पाहण्याची वेळ क्वचितच आली.

“दादा, बँक काय करील?” मुलाने विचारले.

“पंचनामा करून घे आणि पुनर्गठनासाठी अर्ज दे,” मी म्हणालो. वसुलीला मुदत मिळेल, कर्ज मिटणार नाही, हेही सांगितले. अर्ज तेथेच ओट्यावर बसून लिहून दिला. त्याला गट नंबर आठवेना. तो काकांनी आतून सांगितला.