हलालखोर

मराठीत 'हरामखोर' हा शब्द सगळ्यांना येतो. त्याचा भाऊ 'हलालखोर' मात्र थोड्यांनाच माहीत असतो. हलालखोर म्हणजे कष्टाचं, हक्काचं खाणारा. मुघलांच्या काळात हा शब्द झाडूवाल्यांसाठी, मैला उचलणाऱ्यांसाठी वापरला जायचा. अकबर बादशाहने तो रूढ केला, असं अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदवलंय. इंग्रजांच्या काळात मुंबई महापालिकेचा १८८८चा कायदा झाला, त्यातही मैला उचलण्यासाठीच्या कराचं नाव 'हलालखोर कर' असं होतं.

'मेहतर'ही तसाच. वर्गात मी मुलांना 'बेह, बेहतर, बेहतरीन' शिकवते, तेव्हा मराठीतला 'उच्चतर, उच्चतम' शेजारी लिहून दाखवते. 'मेह' म्हणजे मोठा, 'मेहतर' म्हणजे आणखी मोठा. चित्रालच्या राजाची पदवी मेहतर होती आणि आपल्याकडे गटार साफ करणाऱ्यालाही मेहतरच म्हणत. नावं राजाची दिली, काम मात्र तेच ठेवलं. त्या माणसांत आपलेही लोक होते आणि आहेत. एकाच सफेत नमाज पढतो म्हणून त्यांच्या घरी सोयरीक करायला आपण तयार होतो, असं नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या घराची ड्रेनेज लाइन. पुण्याच्या जुन्या भागात आमचं तीन बिऱ्हाडांचं घर आहे. खाली आम्ही, वर दोन कुटुंबं. संडासाची, मोरीची, वुजूच्या नळाची, सगळी लाइन एकच. मागच्या अंगणातून निघून ती फाटकाजवळच्या चेंबरात जाते आणि तिथून रस्त्यातल्या लाइनला मिळते. पाईप जुना, सहा इंची, भाजलेल्या मातीचा. यंदा उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालच्या संडासात पाणी उलटं यायला लागलं.

दर वेळी एक माणूस बांबूच्या कामट्या घेऊन यायचा. फाटकाजवळचा चेंबर साधारण सहा फूट खोल. कामटी अडली की तो चड्डीवर आत उतरायचा आणि हाताने गाळ काढायचा. चौथ्यांदा तुंबलं तेव्हा वरचे चाचा म्हणाले, "बुलाव उसी को, पंधराशेत काम होतं." मी कॅमेरा लावणाऱ्याला विचारलं होतं, तो साडेपाच हजार म्हणत होता. चाचांची पेन्शन छोटी आहे, त्यांचं म्हणणं कंजुषीचं नव्हतं. पण अम्मी मध्ये बोलली, "मेरे दरवाजे पे किसी का बच्चा अंदर नहीं उतरेगा." चाचा म्हणाले, "तो स्वतः उतरतो, भाभी. आपण कुठे ढकलतो?"

या प्रश्नाचं उत्तर हवेत आहे. चेंबरात सडलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं हवा बरी आहे, आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. बातम्यांत दोन-दोन, तीन-तीन माणसं एकाच टाकीत गेलेली दिसतात, ती अशी. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. हा नियम महापालिकेइतकाच घरमालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. चाचांना मी हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मेरे हिस्से के पैसे अगले महीने दूंगा."

कॅमेरावाले दोघे आले. आधी सगळी झाकणं उघडून ठेवली, मग वरूनच जोराच्या पाण्याने लाइन धुतली. पाईपात पाणी साचलेलं असेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून हे आधी करावं लागतं. मग कडक केबलच्या टोकाला बसवलेला, भोवती दिवे असलेला लिंबाएवढा कॅमेरा मागच्या चेंबरातून आत सरकवला. पडद्यावर कोपऱ्यात अंतराचा आकडा पळत होता. सुरुवातीला वरच्या बाजूला पांढरा थर दिसला. तीन घरांच्या स्वयंपाकाची गोठलेली चरबी. अकरा मीटरवर दोन पाईपांच्या जोडातून केसांच्या झुबक्यासारखं काहीतरी लोंबत होतं. ती शेजारच्या उंबराची मुळं. तिथून पुढे पाईप खचला होता, कॅमेरा पाण्यात बुडाला. दर वेळी कामटी मुळांना भोक पाडून जात होती आणि मुळं परत वाढत होती.

कॅमेऱ्याच्या डोक्यात एक छोटा ट्रान्समीटर असतो. दुसऱ्या मुलाने जमिनीवरून यंत्र फिरवलं आणि काँक्रीटवर खडूने फुली मारली. दुसऱ्या दिवशी गवंड्याने तेवढंच, चार फूट लांब आणि तीन फूट रुंद खणलं. मुळं बरोबर तिथेच निघाली. खचलेला तुकडा काढून पीव्हीसीचा पाईप टाकला. कॅमेरा नसता तर अख्खं अंगण फोडावं लागलं असतं. चाचांनीच हिशोब मांडला आणि साडेपाच हजार स्वस्त पडले, असं म्हणाले.

तुमच्याकडे जुनी लाइन वारंवार तुंबत असेल तर तीन गोष्टी ठरवून घ्या. कॅमेऱ्याआधी लाइन धुऊन देणार का, हे विचारा. रेकॉर्डिंग मागून घ्या, म्हणजे पाईप बदलल्यावर तुलना करता येते. आणि दोष कुठे आहे ते जमिनीवर खूण करून घ्या. कॅमेरा दुरुस्ती करत नाही, खणायचं कुठे एवढंच सांगतो.

कामट्या आणणाऱ्या त्या माणसाचा प्रश्न मात्र कॅमेऱ्याने सुटला नाही. आमच्याकडचे त्याचे पंधराशे गेले. केबल सरकवायला शिकणं अवघड नाही, पण ते यंत्र त्याच्या हातात द्यायला कुणी तयार नाही. कायद्याच्या नावातच पुनर्वसन हा शब्द आहे. त्यासाठीचे अर्ज महापालिकेत मिळतात का, हे विचारायला मी आणि चाचा सोमवारी जाणार आहोत. तोही येतो म्हणालाय.