वाचून समजावून सांगितले

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या खाला प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आल्या. "बेटा, तू मराठीमें लिखता ना? जरा पढके बोल, क्या लिखेले."

त्यांच्या मुलाला 'एमपीडीए'खाली स्थानबद्ध केलं होतं. खरं सांगतो, मला त्यात पडायचं नव्हतं. पोरगा काही गुणी बाळ नाही. माझ्या धाकट्या भावावरच त्याने एकदा हात टाकला होता. शिवाय असल्या कागदांच्या आसपास आपलं नाव नको, ही भीती मला आहे.

तरी वाचायला बसलो. ऐंशीएक पानं, सगळी सरकारी मराठी. मी मराठीत लिहिणारा माणूस, पण मीही एकेक वाक्य दोनदा वाचत होतो. जुने गुन्हे, ज्यांत त्याला जामीन मिळालेला. शेवटी 'साक्षीदार अ' आणि 'साक्षीदार ब' यांचे गोपनीय जबाब, त्यांत नावं नाहीत. खाला एकच विचारत होत्या, "लेकिन इस बार उसने किया क्या?"

त्याचं उत्तर त्या कागदांत सापडणारच नव्हतं. हा कायदा झालेल्या गुन्ह्याची शिक्षा देत नाही. पुढे हा काही करील, या अंदाजावर तो माणसाला बारा महिन्यांपर्यंत आत ठेवतो. आरोपपत्र नाही, खटला नाही. सल्लागार मंडळापुढे वकील उभा करण्याचा हक्कसुद्धा नाही.

मग हातात उरतं ते घटनेचं कलम २२. कारणं कळवा आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी लवकरात लवकर द्या, एवढंच ते सांगतं. एवढंच, पण ते फुकाचं नाही. नागपूरच्या एका माणसाला असंच स्थानबद्ध केलं होतं. कारणं इंग्रजीत. तो म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. सरकार म्हणालं, कारभाराची भाषा इंग्रजीच आहे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने 'हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात सांगितलं की ज्याला कोंडलंय त्याला समजेल अशा भाषेत आणि लिपीत कारणं मिळाली पाहिजेत, नाहीतर तो उत्तर काय देणार? स्थानबद्धतेचा आदेश रद्द झाला.

मी खालांना विचारलं, "त्याला मराठी वाचता येतं?"

"बोलता मस्त. पढता उर्दू. सातवी तक उर्दू शाळामेंच था."

मी गठ्ठ्याचं शेवटचं पान पुन्हा काढलं. पोचपावती. छापील मजकूर होता: 'वरील कारणे मला वाचून समजावून सांगण्यात आली व ती मला समजली.' खाली त्याची सही. उर्दूत.

तरावीहनंतर वकिलांना फोन केला, आणि त्यांच्या सांगण्यावरून दोन पानांचं अभिवेदन लिहून काढलं. मुख्य मागणी एकच, सगळे कागद उर्दूत द्या. भाऊ दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही. नंतर झेरॉक्स काढायला मात्र तोच गेला.

सोमवारी खाला तुरुंगात मुलाखतीला जाऊन आल्या. अभिवेदन पोचलंय. उत्तराची वाट बघतोय.